नखाएवढ्या चिपवरची चुरस

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)





आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. संमेलनातील व्याख्यान म्हणजे शिस्त, चारित्र्य, शिक्षणाचे महत्त्व, असा आपला रिवाज. मी मात्र आज तुम्हांला अमेरिकेतल्या दोन कंपन्यांची हकिकत सांगणार आहे. एकीचे नाव इंटेल, दुसरीचे एएमडी. तुमच्या घरात लॅपटॉप असेल तर त्याच्या कोपऱ्यावर बहुधा या दोघींपैकी एकीचा बिल्ला चिकटवलेला सापडेल. दहावीचा निकाल लागला की पालक आम्हां शिक्षकांना विचारतात, “सर, इंटेलचा घेऊ की एएमडीचा?” त्याचे उत्तर मी शेवटी देणारच आहे. पण त्या दोन बिल्ल्यांमागे पन्नासहून अधिक वर्षांची चुरस आहे, आणि तिच्यातून आपल्या घराने, वर्गाने आणि समाजाने घेण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम हा प्रोसेसर काय आहे ते पाहू. मी विज्ञानाचा पदवीधर नाही, त्यामुळे मला समजले तेवढ्या सोप्या भाषेत सांगतो. प्रोसेसरला आपण संगणकाचा मेंदू म्हणतो, पण तो स्वतः होऊन विचार करीत नाही. त्याला सांगितलेली आकडेमोड तो अफाट वेगाने करतो. भिंतीवरचे बटण जसे दिवा लावते आणि विझवते, तशी अतिसूक्ष्म बटणे त्यात असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. बटण चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. एवढ्या दोनच आकड्यांवर बेरीज होते, पत्र लिहिले जाते, चित्र उमटते आणि मोबाइलवर अजानची वेळही कळते.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. बुजुर्गांना ट्रान्झिस्टर म्हटले की बिनाका गीतमालेचा रेडिओ आठवेल. त्या रेडिओत असे ट्रान्झिस्टर बोटांवर मोजण्याइतके असत. १९७१ साली इंटेलने ‘४००४’ हा मायक्रोप्रोसेसर विक्रीस आणला. मुळात तो एका जपानी कंपनीच्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी तयार झाला होता. त्यावर २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७८ च्या ‘८०८६’ वर २९ हजार झाले, १९९३ च्या पेंटियमवर ३१ लाख. आजच्या चिपवर ही संख्या शेकडो, कधी हजारो कोटींच्या घरात जाते. वाळूपासून काढलेले सिलिकॉन अतिशुद्ध करून त्याच्या चकत्या पाडतात, आणि छायाचित्र छापावे तसा प्रकाशाच्या साहाय्याने त्या चकतीवर नकाशा उमटवतात. मोजमाप नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाचे. धुळीचा एक कण पडला तरी चिप वाया जाते.

या बटणांना द्यायच्या हुकमांच्या क्रमाला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, आणि बीजगणिताचे ‘अल्जिब्रा’ हे नाव त्यांच्याच ग्रंथाच्या नावातून आले. आपल्याला याचा फख्र वाटतो, आणि वाटावाच. पण अकराशे वर्षांपूर्वीच्या फख्रावर आजचा पेपर सुटत नाही, हेही मुलांना त्याच दमात सांगितले पाहिजे.

आता या दोन प्रतिस्पर्ध्यांचा जन्म पाहा. दोघीही एकाच घरातल्या. कॅलिफोर्नियात १९५७ साली आठ तरुण शास्त्रज्ञ व इंजिनिअरांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली. त्यांपैकी रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली बाहेर पडून इंटेल काढली. दुसऱ्याच वर्षी, १ मे १९६९ रोजी, फेअरचाइल्डच्याच विक्री विभागातले जेरी सँडर्स आणि त्यांचे सात सहकारी यांनी एएमडी स्थापन केली. नॉइस आणि मूर हे नावाजलेले शास्त्रज्ञ, त्यांना भांडवल चुटकीसरशी मिळाले. सँडर्स पडले विक्रेते, त्यांना दारोदार फिरावे लागले. नवल असे की एएमडीत सुरुवातीला पैसे गुंतवणाऱ्यांत खुद्द इंटेलचे नॉइसही होते.

इंटेलला वर आणणाऱ्यांत अँडी ग्रोव्ह यांचे नाव घ्यावेच लागेल. हा मूळचा हंगेरीतला ज्यू मुलगा. नाझींच्या अमलात लपून वाचला, १९५६ च्या उठावानंतर विसाव्या वर्षी देश सोडून निर्वासित म्हणून न्यूयॉर्कला आला. तिथल्या सिटी कॉलेजात त्या काळी फी नव्हती. तिथे शिकून त्याने १९६३ साली डॉक्टरेट मिळवली आणि पुढे तो इंटेलचा प्रमुख झाला. बिनफीच्या एका कॉलेजाने जगाला काय दिले, याचा हिशेब शिक्षणसंस्थांना देणगी देणाऱ्यांनी जरूर करावा.

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला आणि त्यासाठी इंटेलची चिप निवडली. पण आयबीएमची एक अट होती. माल पुरवणारा एकटा असून चालणार नाही, अडचणीच्या वेळी दुसराही हवा. म्हणून १९८२ साली इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला, आणि एएमडी इंटेलच्या आराखड्यावरून चिप बनवू लागली. पुढे १९८५ साली इंटेलने ‘३८६’ ही नवी, फार शक्तिमान चिप काढली आणि तिचा आराखडा एएमडीला देण्याचे नाकारले. भागीदार रातोरात प्रतिस्पर्धी झाले. प्रकरण १९८७ साली लवादाकडे गेले.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. एएमडीला वाटत होते की आपल्यावर अन्याय झाला. तिने दाद मागितली आणि ती मागणे रास्तच होते. १९९२ साली लवादाने तिच्या बाजूने कौल दिला आणि १९९४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. म्हणजे न्याय मिळायला सात वर्षे लागली. पण या सात वर्षांत एएमडीचे इंजिनिअर निकालाची वाट पाहत बसले नव्हते. इंटेलच्या चिपचा बाहेरून बारकाईने अभ्यास करून त्यांनी स्वतःची ‘३८६’ तयार केली, आणि लवादाचा निकाल येण्याच्या एक वर्ष आधी, मार्च १९९१ मध्ये, ती बाजारात आणली. एका हातात तक्रारअर्ज होता, दुसऱ्या हातात वही होती.

आपल्या समाजाला मला हेच सांगायचे आहे. शिष्यवृत्ती अडली, प्रवेश नाकारला, नोकरीत डावलले, अशा गोष्टी घडतात. त्यांविरुद्ध अर्ज करा, पाठपुरावा करा, कायद्याने लढा, तो आपला हक्क आहे. पण निकाल लागेपर्यंत वही मिटून ठेवू नका. न्याय उशिरा का होईना मिळतो, पण अभ्यासाविना गेलेली सात वर्षे कोणतेही न्यायालय परत देत नाही.

पुढची हकिकत पेंटियमची. १९९३ साली आलेल्या या चिपच्या निर्मितीत विनोद धाम यांचा वाटा इतका मोठा, की लोक त्यांना पेंटियमचे जनक म्हणतात. त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला, शिक्षण दिल्लीचे. पुढे ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. तिचे प्रमुख होते अतिक रझा, मूळचे पाकिस्तानातले. ही कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि नेक्सजेनच्या आराखड्यातून १९९७ साली एएमडीची ‘के-६’ चिप निघून पेंटियमसमोर उभी राहिली. ज्ञानाच्या दारात पासपोर्ट पाहत नाहीत, हेच खरे.

त्याच पेंटियममध्ये एक खोट निघाली, आणि ती शोधून काढली गणिताच्या एका प्राध्यापकाने. व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे थॉमस नाइसली हे १९९४ साली मूळ संख्यांवर काम करीत होते. त्यांची उत्तरे जुळेनात. त्यांनी आपले गणित तपासले, कार्यक्रम तपासला, संगणक बदलून पाहिला. अखेर लक्षात आले की काही विशिष्ट भागाकारांत खुद्द चिपच चुकते. इंटेलने आधी हे किरकोळ ठरवले आणि ज्याला गरज आहे असे पटेल त्यालाच चिप बदलून देऊ, असे म्हटले. लोक खवळले. डिसेंबरात कंपनीने मागेल त्याला बदलून देण्याचे जाहीर केले, आणि त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा सोसला. विद्यार्थ्यांनो, पडताळा घेऊन पाहा असे गणिताचे सर सांगतात तेव्हा तोंड वाकडे करू नका. एका माणसाने पडताळा घेतला म्हणून एवढी मोठी कंपनी वाकली. आणि चूक कबूल करायला जितका उशीर, तितकी किंमत जास्त, हेही वहीच्या समासात लिहून ठेवा.

यानंतर पारडे कधी इकडे, कधी तिकडे झुकले. मार्च २००० मध्ये सेकंदाला शंभर कोटी ठोक्यांचा वेग एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. मग संगणकांना अधिक मोठी स्मृती हाताळण्याची गरज भासू लागली. इंटेलने त्यासाठी इटॅनियम नावाची संपूर्ण नवी रचना काढली, पण तिच्यावर लोकांचे जुने कार्यक्रम धडपणे चालेनात. एएमडीने जुनी भाषा तशीच ठेवून तिचा विस्तार केला आणि २००३ साली चिप बाजारात आणली. पुढल्याच वर्षी इंटेलला तीच पद्धत स्वीकारावी लागली. आजही इंटेलच्या चिपमध्ये एएमडीने आखलेली ती पद्धत नांदते आहे.

पण चुरशीला दुसरी बाजूही आहे. संगणक बनवणाऱ्यांना खास सवलती देऊन इंटेल आपल्याला बाजाराबाहेर ठेवते, अशी एएमडीची तक्रार होती. २००९ साली युरोपीय आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोचा दंड केला. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातला वाद मिटवला. युरोपातला खटला मात्र चालूच राहिला, आणि २०२४ साली त्या मोठ्या दंडाबाबतचा अंतिम निकाल इंटेलच्या बाजूने लागला. कोण खरे, कोण खोटे, हा न्याय करायला मी बसलेलो नाही. मी एवढेच पाहतो की या पैशाने कोणीही पुढे गेले नाही. १२५ कोटी डॉलर हाती येऊनही २०११ ची एएमडीची नवी चिप फिकी पडली, आणि २०१५ साली तिच्या शेअरचा भाव दोन डॉलरच्याही खाली उतरला. कंपनी बुडणार, असे जाणकार म्हणू लागले.

त्या पडत्या काळात, २०१४ च्या ऑक्टोबरात, कंपनीची सूत्रे एका बाईंच्या हाती आली. त्यांचे नाव लिसा सू. जन्म तैवानचा, तीन वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आल्या. वडील संख्याशास्त्र जाणणारे, ते लहानपणी त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेत. पुढे विजेच्या अभियांत्रिकीत त्यांनी एमआयटीतून डॉक्टरेट केली. त्यांनी पसारा कमी करून मोजक्या कामांवर सारे बळ लावले. ‘झेन’ नावाची नवी रचना आधीपासून तयार होत होती. ठोक्यामागे चाळीस टक्के अधिक काम करून दाखवू, असे कंपनीने म्हटले होते. २०१७ साली ‘रायझन’ या नावाने चिप आली तेव्हा वाढ बावन्न टक्के निघाली. चाळीस सांगून बावन्न देणारा माणूस बाजारात कधी उपाशी राहत नाही.

माझ्या बहिणींनो आणि भावांनो, मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचे गणित सोडवून घेणे ज्या घरांत थांबते, त्या घरांनी या पाढ्यांची आठवण ठेवावी.

आणि इंटेलचे काय झाले? अनेक वर्षे पहिला नंबर राहिल्याने तिथे ढिलाई आली. दहा नॅनोमीटर नावाची तिची नवी छपाई २०१६ च्या सुमारास यायची, ती २०१९ साली मोठ्या प्रमाणावर आली. २०२० साली ॲपलने इंटेलला सोडून आपल्या संगणकांत स्वतःची चिप घालण्यास सुरुवात केली. २०२४ या एका वर्षात इंटेलला सुमारे १,८८० कोटी डॉलर तोटा झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने तिचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेण्याचे ठरवले. एकेकाळचा वर्गातला पहिला मुलगा शिकवणी लावून बसावा, तशी ही अवस्था.

एएमडीच्या चढतीत तैवानच्या टीएसएमसी कंपनीचा मोठा हात आहे. एएमडी आता चिपचा नकाशा काढते, छपाई टीएसएमसीकडून करून घेते. ही कंपनी १९८७ साली मॉरिस चँग यांनी काढली. तरुणपणी ते एमआयटीत डॉक्टरेटच्या पात्रता परीक्षेत दोनदा नापास झाले होते. मग नोकरी धरली, कामावर शिकले, आणि पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी जी कंपनी उभी केली, तिच्यावाचून आज जगाचे पान हलत नाही. निकालाच्या दिवशी तोंड लपवून बसलेल्या मुलाला हे नाव जरूर सांगा.

आता नव्या चिप. इंटेलने २०२५ च्या ऑक्टोबरात ‘पँथर लेक’ ही चिप जाहीर केली. ती ‘अठरा-ए’ नावाच्या नव्या पद्धतीने अमेरिकेतील ॲरिझोनाच्या स्वतःच्या कारखान्यात छापली जाते, आणि तिच्या मागोमाग ‘नोव्हा लेक’ येईल असे कंपनीने सांगितले आहे. एएमडीने मोठ्या संगणकांसाठी ‘व्हेनिस’ ही चिप जाहीर केली. ती टीएसएमसीच्या दोन नॅनोमीटर पद्धतीवर २०२६ साठी आखलेली. ही ‘दोन’ आणि ‘अठरा’ पिढीची नावे आहेत, फूटपट्टीचे माप नव्हे. इंटेलने गमावलेली कारागिरी परत मिळवली की नाही, आणि एएमडी पहिल्या नंबरची हवा डोक्यात जाऊ देते की नाही, याची ही परीक्षा आहे.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. शाळा-कॉलेजच्या कामाला दोन्हींपैकी कोणतीही चिप चालते. बिल्ल्याचे नाव पाहण्यापेक्षा तिची पिढी पाहा. जुन्या बाजारात “आय-सेव्हन आहे” म्हणून सांगतात, पण पुढचा आकडा ४७७० असेल तर ती चौथ्या पिढीची, २०१३ सालची चिप असते. नव्या पिढीची साधी आय-थ्री तिच्यापेक्षा बरी. विंडोज दहाला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज अकरासाठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका आणि त्यापुढची चिप लागते. त्याआधीचे यंत्र स्वस्तात मिळाले तरी विचार करून घ्या. चिपवर जादा पैसे घालण्यापेक्षा मेमरी निदान आठ जीबी, जमल्यास सोळा, आणि साठवणीला एसएसडी असल्याची खात्री करा.

शेवटी एकच गोष्ट. आपल्याकडे हसद आणि रश्क असे दोन शब्द आहेत. दुसऱ्याजवळची नेमत नाहीशी व्हावी असे वाटणे म्हणजे हसद. ती त्याच्याजवळ राहो, पण मेहनतीने मलाही लाभो, असे वाटणे म्हणजे रश्क. कुरआन शरीफने भल्या कामात एकमेकांच्या पुढे जाण्याची शिकवण दिली आहे. म्हणजे चुरस मना नाही, तिची दिशा तेवढी नीट हवी. या दोन कंपन्यांनी एकमेकींचा रस्ता अडवण्यात जी वर्षे घालवली, त्यांतून वकिलांची घरे भरली. एकमेकींचे काम पाहून स्वतःचे सुधारण्यात जी वर्षे घालवली, त्यांचे फळ तुमच्या-आमच्या टेबलावर आहे. आणि दुसरी कंपनी नसती तर पहिलीने आपल्याला जुनाच माल वाढीव भावाने विकला असता.

म्हणून पालकांनो, शेजारच्या मुलाचे मार्क आपल्या मुलाच्या तोंडावर फेकू नका, त्याने हसद वाढते. दोघांना एका चटईवर अभ्यासाला बसवा, त्याने रश्क वाढेल. ज्याचा दुसरा नंबर आला, त्याला कमी लेखू नका, कारण पहिल्याला जागे ठेवणारा तोच आहे. आणि विद्यार्थ्यांनो, पुढे कोण आहे हे जरूर पाहा, पण पाहून झाल्यावर नजर आपल्या वहीवर आणा.

अल्लाहतआला आपल्या मुलामुलींना नफा देणारे इल्म देवो आणि या संस्थेला बरकत देवो. आमीन.

खुदा हाफिज.